मुदती एलसी आणि कायद्यातली फट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘एलसी आली, बँकेने ड्यू डेट कळवली, आता पैसे कुठे जातात?’ मस्जिद बंदरच्या पेढीपासून इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्यापर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येते. अर्थविषयक पानांवरही ते थोड्या सुधारलेल्या भाषेत छापून येते. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: मालाचे ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देऊ, असे आयातदाराच्या बँकेने निर्यातदाराला दिलेले वचन. ड्यू डेट म्हणजे ते पैसे देण्याची तारीख. वाक्य निम्मे खरे आहे. एलसी उधारीची असेल, म्हणजे कागद आज द्यायचे आणि पैसे ९०, १२० किंवा १८० दिवसांनी घ्यायचे असा व्यवहार असेल, तर मधल्या काळात लबाडी उघडकीला आल्यावर भुर्दंड कोणी सोसायचा, हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर आपल्या कायद्यात धड लिहिलेले नाही. ते लिहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र. जरा लांबले आहे, पण विषय कलमांचा आहे आणि अर्धवट सांगितला तर घात होतो.

उधारीच्या एलसीला बाजारात सरसकट ‘युझन्स एलसी’ म्हणतात. या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी नांदतात. पहिलीत निर्यातदार मुदती हुंडी काढतो, बँक तिच्यावर ‘स्वीकारली’ असा शेरा मारून सही करते आणि त्या क्षणी ती हुंडी स्वतःच्या पायावर उभी राहते. दुसरीत हुंडीच नसते. कागद तपासून बरोबर निघाले की बँक फक्त लेखी कबूल करते, ‘अमुक तारखेला अमुक रक्कम देऊ.’ ही डिफर्ड पेमेंट एलसी. हुंडी गेली कशी, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मुदती हुंडीवर मुद्रांक शुल्क लागते, दर्शनी हुंडीवर लागत नाही. शुल्क वाचवायचे तर हुंडी काढूच नका, हा हिशेब युरोपात झाला तसा आपल्याकडेही झाला. शुल्क वाचले. हुंडीबरोबर काय गेले, ते बऱ्याच वर्षांनी लंडनच्या कोर्टात कळले. ती हकिगत पुढे येईलच.

आपल्या हातातली एलसी कोणत्या जातीची, हे ओळखायला वकील लागत नाही. स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यातून एलसी ज्या एमटी ७०० संदेशाने येते, त्यात ४१-ए हा रकाना असतो. एलसी कोणत्या बँकेकडे आणि कशा रीतीने वटेल, ते तिथे लिहिलेले असते. ‘बाय ॲक्सेप्टन्स’ असेल तर ४२-सी मध्ये हुंडीची मुदत आणि त्याखाली हुंडी कोणावर काढायची ते येते. ‘बाय डेफ पेमेंट’ असेल तर ४२-पी मध्ये मुदत येते, हुंडीचा पत्ता नसतो. बहुतेक निर्यातदार रक्कम, शेवटची शिपमेंट तारीख आणि ४६-ए मधली कागदपत्रांची यादी वाचतात आणि ४१-ए वरून नजर तशीच पुढे जाते. सगळा खेळ त्या दोन ओळींत आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बांगलादेशातले कपड्यांचे कारखाने आपल्याकडून सूत घेतात, ते बहुधा ९० किंवा १२० दिवसांच्या बॅक-टू-बॅक एलसीवर, म्हणजे कारखान्याला कपड्यांसाठी मिळालेल्या एलसीच्या आधारावर उघडलेल्या दुसऱ्या एलसीवर. समजा एक लाख डॉलरचे सूत, मुदत ‘बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीने मालाबद्दल दिलेल्या पावतीच्या) तारखेपासून १२० दिवस’ आणि माल जहाजावर चढल्याची तारीख १० मार्च. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम ३ प्रमाणे देय तारीख काढताना ‘पासून’ म्हटले तरी ‘नंतर’ म्हटले तरी तो दिवस धरायचा नाही. म्हणून मोजणी ११ मार्चपासून. मार्चचे २१, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३० मिळून ११२. उरलेले ८ जुलैत. देय तारीख ८ जुलै. गंमत अशी, की हाच ‘पासून’ शब्द शिपमेंटची मुदत सांगताना आला तर तो दिवस धरायचा असतो. एकाच कलमात एकाच शब्दाचे दोन हिशेब. एका दिवसाच्या घोळाने व्याज फार जात नाही, पण पैसे मागणारा संदेश आणि बँकेच्या नोंदी जुळल्या नाहीत की फाइल आठवडाभर अडते. बिल ऑफ लेडिंग काढल्याची तारीख आणि माल जहाजावर चढल्याची नोंद वेगवेगळी असेल तर मुदत चढल्याच्या तारखेपासून धरायची, हेही लक्षात असू द्यावे. आणखी एक. मुदत बिल ऑफ लेडिंगपासून मोजायची असेल तर देय तारीख समोरच्या बँकेच्या ‘ॲक्सेप्टन्स’वर अवलंबून नसते. ती बँक महिनाभर गप्प बसली म्हणून ८ जुलैची ८ ऑगस्ट होत नाही. कागद मिळाल्यावर तपासायला तिला जास्तीत जास्त पाच कामकाजी दिवस आहेत. त्या मुदतीत सगळ्या त्रुटी एकाच नोटिशीत सांगितल्या नाहीत, तर नंतर त्या काढण्याचा हक्क कलम १६ प्रमाणे जातो.

हा हक्क गमावण्याची पाळी आपल्या बँकांवरही आली आहे. फोर्टिस बँक आणि स्टेमकॉर विरुद्ध इंडियन ओव्हरसीज बँक या खटल्यात इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०११ मध्ये सांगितले, की कागद नाकारून ‘परत पाठवतो’ असे कळवल्यावर ते झटपट परत पाठवलेही पाहिजेत. कागद दाबून ठेवले तर त्रुटी दाखवण्याचा हक्कच संपतो. मग झटपट म्हणजे किती, तर खालच्या कोर्टाने पुढच्या निकालात साधारण तीन कामकाजी दिवसांचे माप घालून दिले. मुंबईतल्या कुठल्याही ट्रेड फायनान्स विभागात हे तीन दिवस भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता मूळ मुद्दा. निर्यातदार ८ जुलैपर्यंत थांबत नाही. त्याला जिनिंगवाल्याचे, गिरणीचे, वाहतूकदाराचे पैसे द्यायचे असतात. ३० मार्चला तो बँकेला म्हणतो, डिस्काउंट करून द्या, म्हणजे उरलेल्या दिवसांचे व्याज कापून पैसे आजच द्या. उरले १०० दिवस. दर साल ७ टक्के आणि वर्षाचे ३६० दिवस धरले, तर व्याज १,९४४ डॉलर ४४ सेंट. हातात ९८,०५५ डॉलर ५६ सेंट. निर्यातदार मोकळा झाला. आणि मे महिन्यात उघड होते की बिल ऑफ लेडिंगच बनावट आहे, माल चढलाच नव्हता. एलसी उघडणारी बँक ८ जुलैला म्हणते, ‘लबाडी आहे, आम्ही देणार नाही.’ ज्या बँकेने ३० मार्चला आपल्या तिजोरीतून पैसे मोजले, तिने काय करायचे?

हाच प्रश्न बँको सांतांदेर विरुद्ध बँक पारिबा या खटल्यात लंडनला उभा राहिला. पारिबाने १९९८ च्या जूनमध्ये बेफर्न लिमिटेड या कंपनीच्या नावे १८० दिवसांची डिफर्ड पेमेंट एलसी उघडली. सांतांदेरने ती कन्फर्म केली, म्हणजे पैसे देण्याचे आपलेही वचन तिला जोडले. कागद आले, बरोबर ठरले, देणे निघाले सुमारे २ कोटी ३ लाख डॉलर, देय तारीख २७ नोव्हेंबर १९९८. १७ जूनला सांतांदेरने बेफर्नला डिस्काउंट करून सुमारे १ कोटी ९६ लाख ६७ हजार डॉलर दिले. २४ जूनला, म्हणजे बरोबर आठवड्याने, पारिबाने कळवले की कागदांत बनावट कागद आहेत. खटला प्राथमिक मुद्द्यावर चालला. लबाडी झालीच होती असे धरून चाला आणि नुकसान कोणाचे ते सांगा, एवढाच सवाल. खालच्या कोर्टाने आणि फेब्रुवारी २००० मध्ये अपील कोर्टानेही सांतांदेरच्या विरुद्ध निकाल दिला.

कोर्टाचा तर्क कोरडा आहे, पण चुकीचा नाही. पारिबाने सांतांदेरला सांगितले होते ‘२७ नोव्हेंबरला द्या’. ‘१७ जूनला द्या’ असे कोणी सांगितले नव्हते. आधी दिले, तो सांतांदेरचा स्वतःचा धंदा. २७ नोव्हेंबर उजाडला तेव्हा लबाडी सगळ्यांना ठाऊक होती आणि लबाडाला देणे लागत नाही. बेफर्नचे येणे सांतांदेरने विकत घेतले म्हणावे, तर विकत घेणारा विकणाऱ्याच्या जागी उभा राहतो. विकणाऱ्याच्या अंगाला जो चिखल, तो घेणाऱ्याच्याही अंगाला लागतो. सांतांदेरकडे हुंडी असती, तर हे सगळे उलटले असते. हुंडी चांगल्या मनाने, मोबदला देऊन घेतलेल्या तिऱ्हाइताला आधीच्या लबाडीची बाधा होत नाही. मुद्रांक शुल्क वाचवायला जी हुंडी सोडून दिली, तीच या संकटात ढाल होती.

या निकालाने बँका हादरल्या. ज्यांनी डिस्काउंट केलेले होते, त्यांच्या वह्यांमधली सगळी डिफर्ड पेमेंट बिले रातोरात संशयित ठरली. पुढे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने यूसीपी ६०० आणले. ते १ जुलै २००७ पासून लागू झाले आणि त्यात तीन ठिकाणी टाके घातले गेले. कलम १२-बी ने म्हटले, की एलसी उघडणारी बँक ज्या बँकेला नॉमिनेट करते, म्हणजे कागद घेऊन पैसे द्यायला नेमते, तिला मुदतीआधी पैसे देण्याची किंवा आपले वचन विकत घेण्याची परवानगी आपोआप मिळते. कलम ७-सी आणि ८-सी ने म्हटले, की नॉमिनेटेड बँकेने आधी पैसे दिले असोत वा नसोत, तिची भरपाई देय तारखेला करायचीच. झाले. सांतांदेर आज असता तर जिंकला असता.

एवढ्यावर हायसे वाटून बहुतेक माहितीपत्रके थांबतात. पण टाके कुठे पडले आणि कुठे नाहीत, हे बारकाईने पाहायला हवे.

कलम १२-बी चा शब्द असा आहे की नॉमिनेटेड बँकेने ‘स्वतः घेतलेले’ वचन. म्हणजे त्या बँकेने आधी देय तारखेला पैसे देण्याचे आपले स्वतःचे वचन दिलेले असले पाहिजे. एलसी कन्फर्म केली असेल तर ते बांधीलकीतच आले. कन्फर्म केली नसेल, तर कलम १२-ए प्रमाणे नॉमिनेटेड बँकेवर वचन देण्याची सक्ती नाही. नुसते कागद तपासून कुरियरने पुढे पाठवले, तर तिने वचन दिले असे होत नाही. आणि मग पंधरा दिवसांनी ओळखीच्या पार्टीला बिल डिस्काउंट करून दिले, तर ती कलमाच्या छत्राखाली आहे का, यावर दोन वकील दोन मते देतील. म्हणून क्रम पाळावा. कागद तपासा. ते बरोबर असल्याचा निर्णय फाइलवर तारखेनिशी लिहा. निर्यातदाराला लेखी कळवा की आम्ही ८ जुलैला देणार. एमटी ७५४ ने एलसी उघडणाऱ्या बँकेला रक्कम आणि देय तारीख कळवा. मग पैसे सोडा. शाखेत घाईच्या वेळी पैसे आधी सुटतात आणि एमटी ७५४ दुसऱ्या दिवशी जातो. ज्या दिवशी भांडण होते त्या दिवशी हा एक दिवस कोर्टात फार महाग पडतो.

आणि मुळात निर्यातदाराची बँक नॉमिनेटेड असतेच असे नाही. इथे ४१-ए चा दुसरा अर्धा भाग येतो. ‘अव्हेलेबल विथ इश्यूइंग बँक, बाय डेफ पेमेंट’ अशी एलसी आली की भारतातली कोणतीही बँक नॉमिनेटेड नाही. इथली बँक फक्त कागद पुढे पाठवणारी. दहा दिवसांनी समोरून एमटी ७९९ येतो, ‘कागद स्वीकारले, देय तारीख ८ जुलै.’ त्या संदेशाची छापील प्रत घेऊन निर्यातदार बँकेत येतो आणि बँक डिस्काउंट करते. आपल्याकडच्या उधारीच्या एलसींत ही पद्धत इतकी रूढ आहे, की यात काही धोका आहे असे म्हटले तर लोक हसतात.

धोका आपल्याच कायद्यात लिहिलेला आहे. हुंडी नाही, म्हणजे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट नाही आणि त्याच्या कलम ९ मधला ‘होल्डर इन ड्यू कोर्स’, म्हणजे हुंडीचा यथायोग्य धारकही नाही. मग उरते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले ‘ॲक्शनेबल क्लेम’चे प्रकरण, म्हणजे दावा लावून मिळवता येण्याजोगे येणे. कलम १३० प्रमाणे ते लेखी आणि सही करून दुसऱ्याला देता येते. कलम १३२ प्रमाणे घेणाऱ्याला ते देणाऱ्याच्या सगळ्या जबाबदाऱ्या आणि बाध्यतांसकट मिळते. कलम १३७ ने हुंडीसारख्या चलनक्षम दस्तऐवजांना या प्रकरणातून वगळले आहे. डिफर्ड पेमेंटचे वचन तसा दस्तऐवज नाही, त्यामुळे त्या वगळणुकीचा फायदा त्याला नाही. थोडक्यात, लंडनला जो तर्क न्यायाधीशांनी मांडला, तो आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात कलमवार छापलेला आहे. आणि यूसीपी ६०० चे टाके इथे पोचत नाहीत, कारण ते फक्त नॉमिनेटेड बँकेसाठी आहेत. एलसीचे पैसे दुसऱ्याच्या नावे करण्याविषयीचे यूसीपीचे कलम ३९ तर स्पष्टच सांगते, की ती बाब लागू असलेल्या कायद्याप्रमाणे चालेल. लागू कायदा आपला असेल, तर पुन्हा कलम १३२.

यावर उपाय आहे आणि तो एका वाक्याचा आहे. समोरच्या बँकेचा ‘कागद स्वीकारले’ एवढा संदेश पुरा समजू नये. डिस्काउंट करणाऱ्या बँकेने आपल्या नावाने वचन मागावे: येणे तुमच्या नावे झाल्याची आम्ही नोंद घेतली आहे आणि देय तारखेला, लाभार्थीविरुद्ध (निर्यातदाराविरुद्ध) आमच्या कोणत्याही हरकती असल्या तरी, आम्ही तुम्हालाच पैसे देऊ. असे वचन आले की डिस्काउंट करणारी बँक उसन्या जागेवर उभी राहत नाही, तिला स्वतःचा हक्क मिळतो. समोरची बँक असे लिहून द्यायला तयार नसेल, तर त्या नकारातच पुष्कळ माहिती असते. मग डिस्काउंट करा, पण ते निर्यातदाराच्या पतपात्रतेवर करतो आहोत हे समजून करा. रिझर्व्ह बँकेचा नियमही हा फरक ओळखतो. एलसीखालचे बिल ‘अंडर रिझर्व्ह’ न ठेवता, म्हणजे ग्राहकाकडून पैसे परत घेण्याचा हक्क राखून न ठेवता घेतले तर ती जोखीम एलसी उघडणाऱ्या बँकेवरची धरतात आणि ‘अंडर रिझर्व्ह’ घेतले तर ती ग्राहकावरची. बँकेवरची जोखीम भांडवलाच्या हिशेबात स्वस्त पडते, म्हणून सगळ्यांना ती तशी दाखवायची असते. कलम १३२ वाचल्यावर तो स्वस्तपणा किती खरा, असा प्रश्न लेखापरीक्षकांनी विचारायला हरकत नाही.

हा मुद्दा आपल्याला परका नाही. एलसीतील लबाडीवरचा जगभर सांगितला जाणारा पहिला निकाल न्यूयॉर्कचा, १९४१ चा, श्टाइन विरुद्ध श्रोडर. माल होता डुकराचे राठ केस, विकणारी पेढी लखनौची, आणि पेट्यांत भरले होते गाईचे केस आणि कचरा. पैसे अडवण्याचा दावा कोर्टाने फेटाळला नाही. पण का फेटाळला नाही ते वाचण्यासारखे आहे. हुंडी घेऊन आलेली कानपूरची बँक विकणाऱ्याच्या वतीने फक्त वसुली करत होती, तिने स्वतःचे पैसे घातले नव्हते. तिने हुंडी विकत घेतली असती, तर लबाडी असूनही पैसे द्यावे लागले असते, असे त्या निकालातच म्हटले आहे. म्हणजे लबाडी झाली का, यावर गोष्ट संपत नाही. पैसे मागायला समोर कोण आणि कोणत्या नात्याने उभा आहे, हे त्याहून महत्त्वाचे. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचे हे उत्तर आपण अजून कायद्यात लिहिलेले नाही.

उधारीच्या एलसीवरचा आपला गाजलेला निकाल म्हणजे तारापोर आणि कंपनी विरुद्ध ट्रॅक्टर्स एक्स्पोर्ट, मॉस्को, सर्वोच्च न्यायालय, १९६९. फराक्का धरणाच्या कामासाठी रशियन यंत्रे आणली होती. बँक ऑफ इंडियाची सुमारे ६६ लाख रुपयांची एलसी होती. २५ टक्के कागद दिल्यावर आणि ७५ टक्के वर्षभराने, अशी बोली. मधल्या काळात यंत्रांच्या कामाविषयी तक्रारी झाल्या, ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि किती रुपये द्यायचे यावर वाद पेटला. खरेदीदाराने पैसे थांबवायला कोर्ट गाठले. सर्वोच्च न्यायालयाने थांबवू दिले नाही: मालाचा वाद वेगळा, एलसी वेगळी. पुढे १९८७ मध्ये सिंग कन्सल्टंट्सच्या निकालात लबाडीचा अपवाद किती अरुंद आहे ते सांगितले गेले. संशय पुरत नाही, लबाडी ढळढळीत हवी आणि बँकेला तिची माहिती हवी. पण डिस्काउंट करून बसलेल्या तिऱ्हाईत बँकेची जागा कोणती, हे तारापोरमध्ये विचारायची गरजच पडली नव्हती.

आयातदारांची बाजूही सांगायला हवी, नाही तर पत्र एकतर्फी होईल. सिंधुदुर्ग, चंदगड आणि गोव्यातले काजू कारखानदार आफ्रिकेतून कच्चा काजू आणतात. ८० किलोच्या पोत्यामागे ४७ पौंड गर निघेल अशी बोली असते, येतो तेव्हा ४२ निघतो. अशा वेळी ‘एलसी १२० दिवसांची आहे, अजून पैसे गेले नाहीत, थांबवा’ असे म्हणत लोक बँकेत धावतात. थांबत नाही. गर कमी निघाला ही मालाची तक्रार झाली, लबाडी नव्हे. बँक कागद पाहते, पोती फोडत नाही. यासाठी एलसीतच मान्यताप्राप्त तपासनिसाचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यात गराचा उतारा, दाण्यांची संख्या आणि ओलावा आकड्यांत नमूद करायला लावावे. नुसते ‘क्वालिटी सर्टिफिकेट’ लिहिले तर विकणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला कागदही चालतो. आणि खरोखरच बनावट कागदांची भीती असेल, तर ‘अव्हेलेबल विथ इश्यूइंग बँक’ हे शब्द आयातदाराच्या कामाचे आहेत. त्याच्या देशाबाहेर कोणी नॉमिनेटेड नाही, म्हणून आधी पैसे देऊन सुरक्षित बसलेले कोणी नाही आणि मधल्या दिवसांत पकडलेल्या लबाडीचा उपयोग होतो. निर्यातदाराच्या बँकेला जो सापळा, तेच आयातदाराचे कुंपण. त्यामुळे एलसीचा अर्ज भरताना हा रकाना बँकेच्या कारकुनावर सोडू नये.

निर्यातदारांना एक जास्तीची सूचना. बॅक-टू-बॅक एलसीच्या ४७-ए मध्ये, म्हणजे जादा अटींच्या रकान्यात, कधी कधी एक निरुपद्रवी दिसणारी ओळ असते: मूळ निर्यातीचे पैसे आल्यावर हे देणे दिले जाईल. ही ओळ राहिली, तर १२० दिवसांच्या वचनाला अर्थ उरत नाही. ढाक्याचा कपडा युरोपातल्या दुकानदाराने नाकारला की तुमच्या सुताचे पैसेही अडकतात. माल चढवण्याआधी दुरुस्ती मागावी, ती आली नाही तर माल चढवू नये. माल चढल्यावर दुरुस्ती कोणी देत नाही.

देशांतर्गत एलसीची कथा आणखी ढिली. ती एसएफएमएसवरून, म्हणजे भारतीय बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्यावरून जाते, बिल ऑफ लेडिंगच्या जागी लॉरी रिसीट असते आणि पावत्या बनवणे सोपे. यूसीपी ६०० लागू आहे असा उल्लेख संदेशात नसेल, तर वर सांगितलेले टाकेही नाहीत. यूसीपी हा कायदा नव्हे, दोन पक्षांनी करारात घेतलेला नियम आहे. घेतला नाही तर तो नाही.

अमेरिकेने हे सगळे १९९५ मध्ये सुधारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या कलम ५-१०९ मध्ये लिहून टाकले. लबाडी असली तरी कोणाला पैसे द्यावेच लागतील, त्यांची तिथे यादी आहे: चांगल्या मनाने मोबदला दिलेली नॉमिनेटेड बँक, वचन पाळलेली कन्फर्म करणारी बँक, स्वीकारलेल्या हुंडीचा यथायोग्य धारक, आणि चौथे, जे आपल्या कामाचे आहे, ते म्हणजे एलसी उघडणाऱ्या किंवा नॉमिनेटेड बँकेने देय तारखेचे वचन दिल्यानंतर, लबाडीची खबर नसताना, मोबदला देऊन ते वचन विकत घेतलेला माणूस. एमटी ७९९ हातात घेऊन डिस्काउंट करणारी आपली बँक बरोबर या चौथ्या खणात बसते.

आमची मागणी या चौथ्या खणापुरती आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३७ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांच्या शेजारी आणखी एक अपवाद जोडावा: एलसीखाली बँकेने देय तारखेसह लेखी कबूल केलेले देणे, ते कबूल झाल्यानंतर, लबाडीची माहिती नसताना, मोबदला देऊन घेतलेले असेल, तर त्याला कलम १३२ लागू होणार नाही. ‘कबूल झाल्यानंतर’ हे शब्द त्यात हवेतच. नाही तर कागद तपासायच्या आधीच बिल विकून मोकळे होणाऱ्यांची सोय होईल आणि आयातदाराच्या बँकेचे तपासणीचे पाच दिवसही जातील. ज्या आयातदाराला हा अपवाद नको, त्याला एलसीतच ‘हे वचन हस्तांतरणीय नाही’ असे लिहिण्याची मुभा राहावी. तोपर्यंत रिझर्व्ह बँकेने एवढे करावे: नॉमिनेटेड नसलेल्या बँकेने डिस्काउंट केलेले बिल, समोरच्या बँकेने त्या बँकेच्या नावाने स्वतंत्र वचन दिलेले नसेल, तर त्याची जोखीम ग्राहकावरचीच धरावी.

आपले,
परकीय व्यापार विभागात काम केलेले काही निवृत्त बँक कर्मचारी,
मुंबई